गावाखालच्या नदीतले मासे सांडपाण्याने आजारी पडलेत का, हे तपासायचं कसं

दुपारी तीन वाजता नदीतून बाटलीभर पाणी घेतलं, तपासलं, ऑक्सिजन भरपूर निघाला, म्हणून नदी चांगली असं ठरवलं, तर ती तपासणी फुकट गेली. मासे पहाटे मरतात. शेवाळाने हिरवट झालेल्या पाण्यात दुपारी उन्हामुळे ऑक्सिजन इतका तयार होतो की घाण नदीही कागदावर उत्तम दिसते. रात्री तेच शेवाळ आणि सांडपाण्यातले जिवाणू मिळून तो ऑक्सिजन वापरून टाकतात, आणि उजाडायच्या आधी काहीच उरत नाही. त्यामुळे कुठे आणि किती वाजता मोजायचं हे आधी ठरवावं लागतं. किट कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

कोकणात हे जास्तच लागू आहे. इथली बाजारपेठेची गावं नदीला लागून आहेत: महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, कणकवलीला गड आणि जानवली, कुडाळला भंगसाळ. नद्या आखूड, उतार मोठा, आणि वर्षाचा सगळा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा. पावसाळ्यात गटाराचं पाणी कुठे गेलं ते कळतही नाही. फेब्रुवारीनंतर धार बारीक होते, पुढे तुटते, नुसते डोह आणि कोंडी उरतात. गटार मात्र मे महिन्यातही तेवढंच वाहतं.

जागा ठरवणं

निदान चार ठिकाणं लागतात. पहिलं गावाच्या वर, जिथे एकही गटार मिळालेलं नाही. दुसरं गटाराच्या तोंडाशीच. तिसरं त्याच्या खाली, दोन्ही पाणी नजरेला एकसारखं दिसायला लागतं तिथे. चौथं आणखी किलोमीटर-दोन किलोमीटर खाली, शक्यतो पहिल्या मोठ्या डोहात. हे चौथं ठिकाण बहुतेक जण सोडून देतात. पण सांडपाणी पडल्या पडल्या ऑक्सिजन तळाला जात नाही. जिवाणूंना ते कुजवायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे गटाराच्या तोंडाशी लिटरला ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि खालच्या डोहात १ असा आकडा आला तर किट बिघडलं असं समजू नका.

खाडीचं पाणी वर चढतं त्या पट्ट्यात मोजू नका, निदान गोड्या पाण्याचा निष्कर्ष तिथून काढू नका. ओळखायला खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पुरतो. भरतीला आणि ओहोटीला एकाच जागी दोनदा मोजा. आकडा दोन्ही वेळा शेकड्याच्या आसपास आणि जवळपास सारखा असेल तर पाणी गोडं. भरतीला तो कित्येक पटींनी वाढला तर तुम्ही खाडीत उभे आहात. तिथे भरतीबरोबर गटाराचं पाणीही उलट वर सरकतं आणि वरचं-खालचं असा फरकच राहत नाही.

वाशिष्ठीची एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी कोळकेवाडीहून या नदीत येतं. त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, पण किती असेल ते वीजनिर्मितीवर ठरतं. चिपळूणच्या खाली दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेले आकडे शेजारी ठेवताना त्या त्या दिवशीची पातळीही लिहिलेली असली पाहिजे.

ऑक्सिजन

३० अंश तापमानाच्या स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये सुरुवातच कमी शिलकीने होते. ५ च्या वर मासे व्यवस्थित खातात, वाढतात. ३ च्या खाली ते खाणं सोडतात आणि रोगाला बळी पडतात. २ च्या खाली कटला-रोहूसारखे मासे मरू शकतात. मत्स्यजीवनासाठीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ४ हा आकडा धरला आहे.

एका दिवशी दोन मोजण्या करा: एक सूर्योदयाच्या आधी, दुसरी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान. पहाटे २ आणि दुपारी ११ असा फरक दिसला तर पाण्यात खताचं प्रमाण, म्हणजे मैल्यातलं नत्र आणि स्फुरद, जास्त आहे आणि शेवाळ माजलं आहे. दोन्ही वेळा कमीच आला तर पाण्यात कुजणारा माल इतका आहे की शेवाळालाही तो भरून काढता येत नाही.

ऑक्सिजन मोजायचा मीटर नसेल तर काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली आणि विंकलर पद्धतीचं किट घ्या. बाटली आडवी करून पाण्याखाली साधारण फूटभर न्या आणि हळूहळू भरू द्या. भरली की बूच पाण्याखालीच लावा. आत एकही बुडबुडा नको. बादलीने पाणी काढून बाटलीत ओतणं ही सर्रास होणारी चूक. ओतताना हवा मिसळते आणि मेलेल्या पाण्यातही ऑक्सिजन दिसायला लागतो.

मग काठावरच, घरी नेऊन नव्हे, मँगनीज सल्फेट २ मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलिलिटर टाका. पिपेटचं टोक पाण्याच्या खाली बुडवून सोडा. बूच लावून बाटली वीसेक वेळा उलटीसुलटी करा आणि ठेवून द्या. इथे डोळ्यांनाच उत्तर मिळतं. खाली बसणारा साका तपकिरी असेल तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. साका पांढराशुभ्र राहिला तर ऑक्सिजन शून्य, पुढे मोजायचं काही उरत नाही. तपकिरी असेल तर २ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल टाकून साका विरघळवा. त्यातलं २०३ मिलिलिटर पाणी घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत जा. रंग गवती पिवळा झाला की स्टार्च टाका, निळं होईल. निळा रंग गेला तिथे थांबा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, लिटरला तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन. अम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि उरलेलं द्रावण नदीत ओतायचं नाही, कॅनमधून परत न्यायचं.

डोहात वरचं आणि तळाजवळचं पाणी वेगवेगळं मोजा. उन्हाळ्यात वरचा थर गरम राहतो, खालचा थंड आणि बंदिस्त. तळाला गटाराचा गाळ साचलेला असेल तर तिथे ऑक्सिजन नसतो, उलट सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वळवाचा जोराचा पाऊस किंवा वारा आला की दोन्ही थर ढवळले जातात आणि एका रात्रीत अख्खा डोह मरतो. कुणी काही टाकलेलं नसताना हे होतं.

अमोनिया आणि पीएच एकत्र वाचा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अमोनियाचं किट कामाला पुरेसं आहे, पण ते एकूण अमोनिया दाखवतं. माशाला मारतो तो त्यातला मुक्त अमोनिया, आणि तो किती हे पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमानावर ठरतं. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग मुक्त असतो. पीएच ८ ला साडेसात टक्के. पीएच ९ ला जवळजवळ ४५ टक्के. म्हणजे किटवर २ मिलिग्रॅम दिसलं तर पीएच ७ ला मुक्त अमोनिया ०.०१६, पीएच ८ ला ०.१५, पीएच ९ ला ०.९. आता ०.०५ च्या वर तो बरेच दिवस राहिला की कल्ल्यांना इजा सुरू होते. केंद्रीय मंडळाची मत्स्यजीवनासाठीची मुक्त अमोनियाची मर्यादा १.२ आहे. ती फार सैल आहे, तिच्या आत आहोत म्हणून निश्चिंत राहू नका.

शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा पीएच दुपारी चढतो, कारण शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. त्यामुळे ऑक्सिजनची धोक्याची वेळ पहाटेची आणि अमोनियाची दुपारची. पहाटेचा पीएच आणि दुपारचा अमोनिया असा मेळ घातला तर हिशेब चुकतो. दोन्ही एकाच बाटलीतून, एकाच वेळी घ्या.

किती घाण, किती पाणी

शहरी पाणीपुरवठा माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. दहा हजार वस्तीचं १०.८ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा लिटर. नदीचा प्रवाह मोजायला दहा मीटरचा सरळ पट्टा घ्या, अर्धी भरलेली बाटली सोडा, वेळ मोजा. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली २५ सेंटिमीटर, बाटलीला ५० सेकंद लागले, तर वेग ०.२ मीटर. चारला पाव आणि ०.२ ने गुणून तळाच्या घर्षणासाठी पुन्हा ०.८ ने गुणा: सेकंदाला १६० लिटर.

सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातला माल कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर मिसळल्यावर नदीत तो सुमारे १८ येतो. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे. मे महिन्यात तीच नदी २० लिटरवर आली तर आकडा ९५ च्या पुढे जातो. गावाला मलनिस्सारण प्रक्रिया नसेल आणि सेप्टिक टँकचं वरचं पाणी गटारात सोडलेलं असेल तर प्रत्यक्ष आकडा याहून कमी निघेल, कारण टाकीत काही कुजणं आधीच झालेलं असतं. पण टाकी उपसणारा टँकर रात्री व्हाळात रिकामा झाला तर हा सगळा हिशेब एका तासात उलटा होतो. सेप्टिक टँकचा गाळ साध्या सांडपाण्याहून कित्येक पट तीव्र असतो.

दगड उलटा करा

रसायनांचे आकडे त्या क्षणाचे असतात. दगडाखालचे किडे मागच्या काही आठवड्यांची हकीगत सांगतात. प्रत्येक ठिकाणी वाहत्या पाण्यातले नारळाएवढे दहा दगड उचला आणि खालची बाजू पांढऱ्या ताटात धुऊन घ्या. गावाच्या वर चपट्या अंगाच्या, तीन शेपट्यांच्या अळ्या आणि वाळूच्या कणांची नळी करून राहणारे किडे दिसले पाहिजेत. गटाराखाली ते गायब होऊन लालभडक, वळवळणाऱ्या बारीक अळ्या आल्या असतील तर तिथे ऑक्सिजन बरेच दिवस कमी आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, त्यावरच त्या अशा पाण्यात तग धरतात. माशांचंही तसंच. गप्पी, तिलापिया आणि बंदी असलेला थाई मांगूर एवढेच उरले आणि खवळे, शिंगट्या दिसेनाशा झाल्या, तर मासे आहेत म्हणून नदी ठीक आहे असं म्हणता येत नाही.

मासा हातात घेतल्यावर

आधी जिवंत मासे बघा. पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडमीट करत असतील, मोठे आधी मेले असतील आणि मरळ मात्र जिवंत असेल, तर कारण ऑक्सिजन. मरळीला हवेतून श्वास घेता येतो. वेळ कुठलीही, लहान-मोठे सगळे एकदम, मरळही मेलेली, मासे गोल गोल फिरतायत किंवा उड्या मारतायत, तर विष. खेकडे, कोळंबी आणि पाणकिडेही मेले असतील तर कीटकनाशकाचा संशय घ्या.

तपासायला अर्धमेला मासा हवा. कोकणातल्या उकाड्यात मेलेल्या माशाचे कल्ले तासा-दोन तासांत फिके पडतात, मग रंगावरून काहीच सांगता येत नाही. कल्ल्याचं झाकण कात्रीने कापून काढा. निरोगी कल्ला लालभडक, त्याचे तंतू फणीच्या दात्यांसारखे सुटे, वर पातळ चिकटा. तंतू सुजून एकमेकांना चिकटले असतील आणि वर जाड पांढुरका चिकटा असेल, तर अमोनिया, डिटर्जंट किंवा आम्लधर्मी पाणी. पीएचच्या नोंदीवरून यांतलं कुठलं ते ठरवा. टोकं पांढरी, धुतल्यासारखी असतील तर क्लोरीन. कल्ले चॉकलेटी दिसले तर शेपूट कापून रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. हवा लागूनही तो लाल न होता तपकिरीच राहिला तर नायट्राइट. या रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, म्हणून पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो.

अंगावर लाल चट्टे आणि खोल व्रण, विशेषतः मरळीवर आणि खवळ्यांवर, पावसानंतर आणि थंडीत दिसतात. ते अफनोमायसिस या बुरशीवर्गीय जीवामुळे होणाऱ्या व्रणरोगाचं लक्षण असू शकतं. भारतात हा रोग १९८८ पासून आहे. सांडपाणी तो रोग आणत नाही, पण आधीच कातडी आणि चिकटा खराब झालेल्या माशाला तो लवकर गाठतो.

पहिला पाऊस

मिरगाच्या पावसाला मासे चढणीला लागतात. व्हाळ, पऱ्ये, भाताची खाचरं इथे ते अंडी घालायला जातात. नेमक्या त्याच दोन-तीन सरींत आठ महिने साचलेला गटाराचा गाळ, रस्त्यावरचं तेल आणि कचऱ्याच्या ढिगांचं काळं पाणी खाली येतं. अंडी आणि पिल्लं मोठ्या माशांपेक्षा खूप नाजूक असतात, आणि पोटात अंडी असलेली मादी दमलेली असते. वर्षातून एकदाच तपासणी करणं शक्य असेल तर ती या दिवशी करा. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात एक नमुना, मग दर तासाला एक. नंतरच्या सरींचं पाणी बरंच निवळलेलं असतं आणि त्यावरून आधी काय वाहून गेलं ते कळत नाही.

नदीकाठी शेततळं असेल तर पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींना आत येणारी चारी बंद ठेवा. मासे वर येऊन तोंड काढायला लागले तर खाद्य ताबडतोब थांबवा आणि पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून भोकं पाडलेल्या पत्र्यावरून खाली सोडा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळात नको, नाहीतर सल्फाइडच वर आणाल. पाणी खराब झालं की चुना टाकायचा ही सवय इथे घात करते. चुन्याने पीएच चढतो आणि असलेला अमोनिया विषारी होतो, म्हणून अमोनिया मोजल्याशिवाय चुन्याची गोण उघडू नका. नायट्राइट निघालं तर मीठ चालतं: हजार लिटरला १०० ग्रॅम. पाच गुंठ्यांचं, सरासरी दीड मीटर खोल तळं साडेसात लाख लिटरचं होतं, त्याला ७५ किलो. लिटरला ५-६ मिलिग्रॅम नायट्राइटपर्यंत एवढं पुरतं.

मासे मेले की नमुना कसा घ्यायचा

आधी फोटो, वेळ आणि पाण्याचं तापमान. मग पाणी, मग मासे. बीओडीसाठीची बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. अमोनियाचा नमुना गंधकाम्लाने पीएच २ च्या खाली आणून थंड ठेवतात. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल, कीटकनाशकांसाठी काचेची बाटली. आम्ल टाकलेल्या बाटलीतून पीएच मोजता येत नाही, म्हणून तो जागेवरच मोजून लिहून ठेवा.

अर्धमेल्या माशाचे कल्ले, यकृत आणि मूत्रपिंड यांचे ५ मिलिमीटरहून जाड नसलेले तुकडे १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात ठेवा. अख्खा मासा फॉर्मलिनमध्ये बुडवला तर आतले अवयव द्रावण पोचायच्या आधीच कुजतात. विषाच्या तपासणीसाठी वेगळे मासे अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून गोठवा, त्यांना फॉर्मलिन लावायचं नाही. जंतूंच्या तपासणीचे मासे बर्फात ठेवा, पण गोठवू नका. माशांच्या रोगनिदानासाठी रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे लेखी द्या, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीला प्रत द्या आणि पोच घ्या. गावाच्या वरच्या ठिकाणाचा नमुना तक्रारीबरोबर नसेल तर पहिला प्रश्न तोच येईल.

पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकल्याचा संशय असेल तर मात्र प्रयोगशाळेवर विसंबू नका. उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो, बाटली पोचेपर्यंत त्यात काही सापडत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासायचं ओटी (ऑर्थोटोलिडिन) किट असतं, ते घेऊन तिथल्या तिथे तपासा आणि पिवळा रंग आला तर किटच्या पट्टीसकट फोटो काढा. रंग आला नाही म्हणून क्लोरीन नव्हताच असं मात्र लिहू नका. या पट्टीवरचा सगळ्यात खालचा आकडासुद्धा माशांना मारायला लागतो त्यापेक्षा जास्त असतो.